रीलमधली साडी काकूंच्या घरी पोचेपर्यंत: इन्फ्लुएन्सरवालं शॉपिंग ॲप डिझाइन करायला शिकताना

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, रिटायर्ड शिक्षिका. मागच्या श्रावणात त्या फोन घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे जरा शोधून दे ना." फोनमध्ये एका रीलचा स्क्रीनशॉट होता. एका मुलीने मोहरी रंगाची खणाची साडी नेसलेली, काठ जांभळा, पदराचा अर्धा भाग लाईक-कमेंटच्या चिन्हांखाली झाकलेला, आणि लिंक कुठेच नाही. काकू तीन दिवस ती रील शोधत होत्या, परत सापडत नव्हती, त्या मुलीचं नाव पण स्क्रीनशॉटमध्ये अर्धंच आलेलं. पैसे तयार होते, ब्लाउज कुणाकडे शिवायला टाकायचा तेही ठरलेलं होतं, घोडं अडलं होतं ते फक्त रील आणि दुकान यांच्या मधल्या जागेत.

मी बाणेरला एका प्रॉडक्ट टीममध्ये यूएक्स डिझायनर (म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं कसं जाईल ते ठरवणारी) आहे आणि याच मधल्या जागेवर गेली काही वर्षं काम करतेय. नुकतीच या लाईनमध्ये आलेली मुलंमुली नेहमी विचारतात की इन्फ्लुएन्सरवाल्या शॉपिंग ॲपचे फीचर्स डिझाइन करायला बसायचं तर सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. साध्या शॉपिंग ॲपवर माणूस वस्तू शोधत येतो, इथे तो कुणाच्या तरी, म्हणजे रील करणाऱ्या ताईच्या, शब्दावर येतो. "ती ताई उगाच काहीतरी नाही सांगणार" एवढ्या भरवशावर तो पैसे काढतो. त्यामुळे प्रत्येक फीचरला एकच प्रश्न विचारायचा, ताईने जे दाखवलं आणि जे सांगितलं ते गिऱ्हाइकापर्यंत तसंच्या तसं पोचतंय का.

फिग्मा उघडायच्या आधी

नवीन मंडळी पहिल्याच दिवशी फिग्मा, म्हणजे स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर, उघडतात, मोठ्या ॲप्सचे स्क्रीनशॉट समोर ठेवतात आणि होम स्क्रीन काढायला लागतात. थांबा जरा. लोक आत्ता खरेदी कशी करतायत ते आधी बघा, कारण ॲप नसतानाही हा धंदा जोरात चालू आहे. रील आवडली की कमेंटमध्ये "प्राइस प्लीज", मग उत्तर "डीएम केलंय ताई", डीएममध्ये व्हॉट्सॲप नंबर, तिथे चार फोटो, "अजून कलर दाखवा ना", मग क्यूआर कोड, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, पत्ता टाइप करून पाठवणं, आणि पुढचे आठ दिवस "पाठवलं का?" कटकट आहेच, पण नीट बघितलं तर प्रत्येक पायरीवर गिऱ्हाइकाला काहीतरी मिळतंय पण, कुणीतरी उत्तर देतंय, जास्तीचे फोटो मागता येतायत, "दोन घेतल्या तर किती" विचारता येतंय. ॲप बनवताना कटकट काढायची आणि हे मिळणारं जपायचं. बरीच ॲप्स दोन्ही काढून टाकतात आणि मग लोक परत व्हॉट्सॲपवर जातात.

पाच जणांबरोबर बसा. जेकब नील्सन या यूजेबिलिटीवाल्या माणसाने २००० साली मांडलं होतं की पाच जणांबरोबर टेस्ट केली की बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात, आणि माझा अनुभवही तोच आहे, फक्त ते पाच जण एकाच साच्यातले नकोत. आपल्या ऑफिसातले पाच जण घेतले तर ती टेस्टच नाही. कोथरूडच्या काकू, हिंजवडीला आयटीत जाणारी एखादी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी, भोसरीत पार्लर चालवणारी ताई, आणि बायकोसाठी किंवा आईसाठी काहीतरी घ्यायचंय पण काही कळत नाही असा एखादा दादा. आणि "असं ॲप असलं तर वापराल का?" असं विचारू नका, तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. "रील बघून शेवटचं काय घेतलंत? फोनवर दाखवा ना कसं घेतलंत" असं विचारा आणि गप्प बसा. अंगठा कुठे अडतो, कुठे मागे जातो, कुठे "हे काय आता" असं तोंडातून निघतं, तेवढं वहीत लिहा.

मग क्रिएटरच्या, म्हणजे रील करणाऱ्या त्या ताईच्या, घरी जा. हे लोक टाळतात आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. मी सिंहगड रोडला एका मुलीकडे गेले होते, वन बीएचके, बेडरूमच्या कोपऱ्यात रिंग लाईट, पलंगावर साड्यांचा ढीग, आतल्या खोलीत बाळ झोपलेलं. कुकरची शिट्टी झाली की परत टेक. तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती, त्यात पेनाने लिहिलेलं: रील कितवी, साडी कुठली, कुणाच्या दुकानातली, भाव काय सांगायचा. रील टाकली की पुढचे दोन तास ती एकच उत्तर पन्नास-साठ जणींना कॉपी पेस्ट करत होती, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने बाळाला थोपटत. आमच्या प्रॉडक्ट टॅग करायच्या, म्हणजे रीलला वस्तू जोडायच्या, स्क्रीनवर तेव्हा सात फील्ड्स होती. घरी येऊन मी तीन ठेवली. क्रिएटरचं काम एका हाताने, एका मिनिटात व्हायला हवं ही अट तिथून आलेली आहे आणि ती मी आजतागायत सोडलेली नाही.

कागदावर तीन माणसं काढा

गिऱ्हाईक, क्रिएटर आणि विक्रेता. मोठा कागद घ्या, तिघांच्या तीन ओळी आखा आणि रील बघण्यापासून ते वस्तू परत करण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तिघांपैकी कुणाला काय कळतं आणि काय कळत नाही ते लिहा. भांडणं जिथे होतात त्या जागा लगेच दिसतात. उदाहरणार्थ लक्ष्मी रोडवरच्या दुकानात ती साडी कालच संपली, दुकानदाराला माहितीये, ताईला माहीत नाही, गिऱ्हाईक आत्ता रील बघतंय. या एका रिकाम्या चौकटीतून तुमची तीन फीचर्स निघतात, आणि असल्या चौकटी तुम्हाला दहा-बारा तरी सापडतील.

रीलमधलीच वस्तू मिळाली पाहिजे

आता मुख्य काम. व्हिडिओवर टॅप केलं की तीच वस्तू, त्याच रंगात, त्याच साइजच्या पर्यायांसकट उघडली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं पण बहुतेक ॲप्समध्ये टॅप केलं की मूळ प्रॉडक्ट उघडतं ज्यात लाल रंग आधीच निवडलेला असतो, आणि ताईने तर मोहरी नेसलेली. गिऱ्हाईक घाईत लाल ऑर्डर करतं आणि मग रिटर्न. टॅग नेहमी रंगासकट, व्हेरियंटसकट (म्हणजे रंग-साइजच्या नेमक्या पर्यायासकट) जोडा. ताईने एका रीलमध्ये साडी, ठुशी, नथ आणि कोल्हापुरी असं सगळं घातलं असेल तर चारही दिसू देत, पण त्या क्षणी ती जे दाखवतेय ते वर येऊ दे. आणि जे विकायला नाही त्यालाही टॅग द्या, "ठुशी ताईची स्वतःची, विक्रीला नाही" एवढं लिहिलं की पन्नास कमेंट कमी होतात.

साडीच्या बाबतीत ब्लाउजवरून जितकी भांडणं होतात तितकी कशावरून होत नसतील. रीलमध्ये ताईने शिवलेला सुंदर ब्लाउज घातलेला असतो, गिऱ्हाइकाला वाटतं तोच येणार, आणि पार्सलमध्ये साडीला जोडून आलेला ८० सेंटीमीटरचा पीस. म्हणून "या पार्सलमध्ये काय येणार" अशी एक छोटी पट्टी फोटोच्या लगेच खाली ठेवा: साडी साडेपाच मीटर, ब्लाउज पीस ८० सेंटीमीटर, न शिवलेला. नऊवारी असेल तर कापड आहे का शिवलेली आहे हे तर सगळ्यात आधी. पैठणीचं अजून नाजूक आहे, बाजारात सेमी पैठणी म्हणून जी मिळते ती आणि हातमागावरची रेशमी पैठणी यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि रीलमध्ये दोन्ही सारख्याच चमकतात. तेव्हा विक्रेत्याला धागा कुठला, हातमाग का पॉवरलूम, सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) आहे का नाही हे भरणं सक्तीचं करा. मोकळी जागा ठेवलीत तर तिथे फक्त "प्रीमियम क्वालिटी" येतं, त्यामुळे ठरावीक पर्यायांतूनच निवडू द्या.

रंगाचं एक सांगते. त्या सिंहगड रोडच्या मुलीने मला एक खण दाखवला, रिंग लाईटखाली पक्का मोहरी, हातात घेऊन खिडकीशी गेले तर चक्क हिरवट झाक. तिची काही लबाडी नव्हती, लाईट आणि फिल्टरने तसं होतं, आणि खणात उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे असले की कोन बदलला तरी रंग बदलल्यासारखा वाटतो. त्यानंतर आम्ही एक साधं फीचर केलं, खिडकीतला फोटो. प्रत्येक कपड्याचा एक फोटो दिवसाच्या उजेडात, ॲपच्याच कॅमेऱ्याने, फिल्टरशिवाय, आणि तो गॅलरीत दुसऱ्या नंबरवर दिसणार. बनवायला काही अवघड नाही आणि गिऱ्हाइकं त्या फोटोवर बराच वेळ थांबतात असं टेस्टमध्ये दरवेळी दिसलं.

कपडे असतील तर ताईची उंची आणि तिने घातलेला साइज व्हिडिओवरच दाखवा. "मी ५ फूट २ इंच, एल घातलाय" हे वाक्य साइज चार्टपेक्षा जास्त उपयोगी पडतं. साइज चार्ट ठेवा पण इंचात ठेवा, आपल्याकडे टेलरकडे मापं इंचातच चालतात.

लिंकबद्दल पण बोलायला हवं. काकूंसारख्या माणसाला मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, फोनमध्ये ॲप नाहीये, तर ॲप इन्स्टॉल झाल्यावर थेट तीच साडी उघडली पाहिजे, होम स्क्रीन नको. डेव्हलपर लोक याला डिफर्ड डीप लिंक म्हणतात, त्यांना पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून ठेवा, नंतर सांगितलं की "पुढच्या रिलीजला बघू" होतं. आणि साडी बघायला लॉगिन मागू नका. तुळशीबागेत दुकानाच्या दारातच मोबाइल नंबर मागितला तर कोण आत जाईल? ओटीपी ऑर्डर देताना.

वस्तू संपली असेल तर रील तशीच राहणार, ती फिरतच राहते, सहा महिन्यांनीही कुणीतरी बघतं. तिथे नुसतं "आउट ऑफ स्टॉक" टाकून दार लावू नका. "परत आली की कळवा" द्या आणि त्याच विक्रेत्याच्या जवळपासच्या रंगातल्या दोन-तीन दाखवा, पण "ही तीच नाही, मिळतीजुळती आहे" असं स्पष्ट लिहा. फसवून दुसरी गळ्यात मारली की ताईचा शब्द गेलाच.

मराठी म्हणजे नुसतं भाषांतर नाही

आपल्या लोकांची सर्च हिस्ट्री बघितली की मजा येते. नऊवारी, नववारी, तेच इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार प्रकारांनी, खण, खन, इरकल, इलकल, एकेका वस्तूची अशी कितीतरी रूपं. फोनवर मराठी लिहिणारे बरेच जण इंग्रजी कीबोर्डनेच लिहितात, काही जण बोलून शोधतात. तेव्हा सर्चमध्ये या सगळ्या रूपांची एक यादी हाताने करा, पहिले दोनशे शब्द पुरतात, त्यासाठी कुठलंही भारी तंत्रज्ञान लागत नाही, एक एक्सेल शीट आणि चार बायकांबरोबर घालवलेली एक दुपार लागते. लोकांचे रंग पण त्यात घाला, आनंदी, चिंतामणी, मोरपंखी, अबोली, डाळिंबी. दुकानात "आनंदी रंगात आहे का?" असं विचारणाऱ्या बाईला तुमचा फिल्टर फक्त "निळा" देत असेल तर तिच्या दृष्टीने तुमच्याकडे तो रंगच नाही.

बटणांवरचे शब्द मशीनने भाषांतर करून टाकू नका. "गाडीत जोडा" असं मी खरंच एका ॲपवर वाचलंय, कार्टचं. "कार्टमध्ये टाका" हे सगळ्यांना कळतं, "ऑर्डर करा", "परत करायचंय", "पैसे कधी मिळतील" हे असंच लिहा. मोठ्याने वाचून बघा, दुकानातला माणूस असं बोलेल का? देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात त्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, इंग्रजीसाठी बनवलेल्या बटणात "मुलींचे कुर्ते" लिहिलं की उकार कापला जातो. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घेतला तरी चालेल, दोन्ही फुकट आहेत आणि छोट्या साइजला वाचता येतात. पण डिझाइन करताना पहिल्यापासून मराठी मजकूर टाकून बघा, शेवटी बदलायला गेलात की सगळी मापं हलतात.

जाहिरात आहे तर तसं दिसलं पाहिजे

ताईला साडी फुकट मिळालीये का कमिशन मिळतंय हे गिऱ्हाइकाला कळणं हा त्याचा हक्क आहे, आणि नियमही तेच सांगतात. जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था ॲस्कीने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने वेगळी मार्गदर्शिका काढली. त्यात पैसेच नाही, तर फुकट वस्तू, सवलत, भेट, सहल, घरचं नातं हे सगळं सांगण्यासारखं धरलंय. व्हिडिओ असेल तर खाली डिस्क्रिप्शनमध्ये लपवून चालत नाही, व्हिडिओतच दिसायला आणि ऐकू यायला हवं, लाईव्ह असेल तर पूर्ण वेळ स्क्रीनवर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि परत केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्या माणसावरही एक वर्ष आणि पुढे तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

डिझाइनच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की हे काम ताईच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. कमिशनची लिंक तुमच्याच ॲपने बनवलीये, म्हणजे ॲपला माहिती आहे, मग "जाहिरात, ताईला यातून कमिशन मिळतं" ही पट्टी आपोआप यायला हवी आणि काढता येऊ नये. फुकट आलेली वस्तू असेल तर एक टॉगल द्या. पट्टी वर डावीकडे ठेवा, जिथे लाईकची चिन्हं नाहीत. आमच्या टीममध्ये यावरून बराच वाद झाला, पट्टी दिसली की विक्री पडेल असं बिझनेसवाल्यांचं म्हणणं. मी ज्या बायकांबरोबर बसले त्यांच्यापैकी एकीलाही कमिशनचं वाईट वाटलं नाही, "मेहनत करते ती, मिळू दे की" असंच म्हणाल्या. वाईट वाटलं ते लपवल्याचं.

रिव्ह्यू पण याच खात्यात धरा. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे मानक २०२२ पासून आहे, एकदा वाचून काढा. क्रिएटरला किंवा विक्रेत्याला रिव्ह्यू डिलीट करायचं बटण देऊ नका, उत्तर द्यायचं बटण द्या.

पैसे आणि पत्ता

पूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे कार्टवर "फक्त ९ मिनिटं उरली" असा टायमर होता आणि तो शून्यावर गेला की परत ९ पासून सुरू व्हायचा. तो स्क्रीन मी डिझाइन केला होता. एका टेस्टमध्ये एका मावशींनी टायमर बघून घाईघाईत चुकीचा पत्ता टाकला आणि मग स्वतःलाच दोष देत बसल्या, "मलाच जमत नाही बाई हे फोनचं." ते मला अजून लागतं. चूक त्यांची नव्हतीच, माझी होती. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या असल्या डिझाइनविरुद्ध, मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या, त्यात १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई त्यातला पहिलाच. कार्टमध्ये गुपचूप वस्तू घालणं, शेवटच्या स्क्रीनपर्यंत चार्जेस लपवणं, "नको" म्हणणाऱ्याला लाजवणं, जाहिरात लपवणं हे सगळं त्या यादीत आहे. ती यादी प्रिंट काढून टेबलासमोर लावा आणि प्रत्येक स्क्रीन तिच्याशी ताडून बघा. आधीच टिक केलेला चौकोन तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांपासूनच चालत नाही. डिलिव्हरीचे पैसे पहिल्या स्क्रीनवर, साडीच्या किमतीच्या खालीच दाखवा.

यूपीआयचा सगळ्यात महत्त्वाचा स्क्रीन म्हणजे पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही तेव्हाचा. डिझायनर "सक्सेस" आणि "फेल" असे दोनच काढतात, तिसरा "थांबा, बँकेकडून कळतंय" हा काढतच नाहीत आणि गिऱ्हाईक घाबरून परत पैसे भरतं. त्या स्क्रीनवर स्पष्ट लिहा की परत भरू नका, आम्ही बघतोय, ऑर्डर झाली नाही तर पैसे परत येतील. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून कापले गेले आणि समोर कन्फर्म झालं नाही तर व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई. तारीखच लिहा स्क्रीनवर, "शुक्रवार १४ तारखेपर्यंत". जिवाला शांती मिळते.

पत्त्याचा फॉर्म पुण्यातल्या माणसाने भरून बघितला पाहिजे. आपण पत्ता सांगतो तो "मारुतीच्या देवळासमोरच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर", आणि फॉर्म विचारतो स्ट्रीट नेम. फ्लॅट आणि सोसायटी, मग खूण, मग पिनकोड, बास. पिनकोड ४११०३८ टाकला की पुणे आणि महाराष्ट्र आपोआप भरू दे. "वॉचमनकडे ठेवलं तर चालेल का" हा प्रश्न आधीच विचारा, दुपारी घरी कुणी नसतं. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा, निदान पहिल्या ऑर्डरला, नवीन माणसाचा भरवसा बसायला ती लागतेच.

लाईव्ह, घाई नको

लाईव्ह सेल, म्हणजे ताई थेट व्हिडिओवर बोलत विकते तो, सगळ्यांनाच लगेच हवा असतो. चीनमध्ये ताओबाओ या शॉपिंग ॲपने २०१६ मध्ये लाईव्ह सुरू केलं आणि तिथे ते प्रचंड चाललं, हे प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकवलं जातं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी करू नका. केलंतच तर तीन गोष्टी सांभाळा. आत्ता हातात असलेली वस्तू खाली पिन झालेली असू दे, एकाने कार्टमध्ये टाकली की काही मिनिटं ती त्याच्यासाठी राखून ठेवा नाहीतर पैसे भरताना "संपली" येतं, आणि नंतर बघणाऱ्याला थेट हव्या त्या साडीपर्यंत उडी मारता येऊ दे.

काही बिघडलं तर

वस्तू वेगळी आली की गिऱ्हाईक कस्टमर केअरला फोन करत नाही, ताईच्या रीलखाली जाऊन लिहितं, "ताई तुमच्यामुळे घेतली, फाटकी आली." ताईच्या हातात काहीच नसतं, ती रडकुंडीला येते. मी दोघी-तिघींना खरंच रडताना बघितलंय. त्यामुळे रिटर्नचं बटण ऑर्डरच्या स्क्रीनवर वरच ठेवा, कारणं बोलीभाषेत द्या, "रंग वेगळा आला", "कापड पातळ आहे", "मापात बसत नाही", आणि फोटो टाकता येऊ दे. ताईला तिच्या स्क्रीनवर दिसू दे की कुठल्या वस्तूला काय कारणाने रिटर्न येतायत, म्हणजे पुढच्या वेळी ती त्या दुकानदाराचा माल घ्यायचा का ठरवेल. पण गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, पत्ता ताईला अजिबात दिसता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीशिवाय असं करू नये असाच आहे, आणि कायदा नसता तरी कुठल्याही बाईला आपला पत्ता अनोळखी माणसाकडे गेलेला चालणार नाही.

तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपमध्ये सहज सापडला पाहिजे, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. तक्रारीच्या स्क्रीनवर हेच टप्पे तारखेसकट दाखवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही तिथे लिहा. आपल्याच विरुद्ध तक्रार करायचा रस्ता आपणच दाखवायचा का, असं टीममध्ये कुणीतरी म्हणेलच. दाखवायचा.

ताईचा हिशोब

क्रिएटरला भारी ग्राफ नकोत, हिशोब हवा. "या ऑर्डरचे ४२ रुपये, रिटर्नची मुदत १८ तारखेला संपली की जमा" इतकं सरळ. त्याच गिऱ्हाइकाने दोन ताईंच्या लिंक उघडल्या तर कमिशन कुणाला, हा नियम एका ओळीत लिहून सगळ्यांना आधीच सांगा. टीडीएस कापला असेल तर किती ते पण त्याच ओळीत. हे गुलदस्त्यात ठेवलं की मुली सोडून जातात.

टेस्ट कुठे करायची

ऑफिसच्या वायफायवर आणि नव्या फोनवर करू नका. चार वर्षांपूर्वीचा, स्टोरेज भरत आलेला फोन घ्या आणि पीएमपीच्या बसमध्ये बसून करा, स्वारगेट ते कात्रज उभ्याने, एका हाताने दांडी धरून. बटण अँड्रॉइडच्या सांगण्याप्रमाणे निदान ४८ डीपीचं (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं माप) आहे का, उन्हात अक्षरं दिसतायत का, मजकूर आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ च्या वर हवा. मग फोनच्या सेटिंगमधून अक्षर सगळ्यात मोठं करा, काकू तसंच वापरतात, आणि बघा "ऑर्डर करा" बटण स्क्रीनच्या बाहेर जातंय का. आमचं गेलं होतं. आवाज बंद करून पण बघा, बसमध्ये आणि ऑफिसात बरेच लोक रील आवाजाशिवाय बघतात, त्यामुळे भाव आणि मापं व्हिडिओवर लिहिलेली हवीत, मराठी सबटायटल तर हवंच.

पहिल्या व्हर्जनला एक ताई, एक दुकानदार आणि वीस वस्तू एवढंच घ्या. रील, टॅग, खिडकीतला फोटो, पार्सलमध्ये काय येणार, पैसे, रिटर्न, एवढं चालू करा. पहिल्या वीस ऑर्डरना स्वतः फोन करा, पार्सल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. "आवडलं का" असं विचारू नका, "रीलमध्ये बघितलं होतं तसंच आलं का?" असं विचारा, आणि उत्तर द्यायच्या आधी समोरची बाई किती वेळ थांबते तेही वहीत लिहून ठेवा.